आवाज आपला, बटणं कुणाच्या हातात?

"मी एवढ्या पटकन बोलले नव्हते."

जांबे गावातल्या बचत गटाच्या बैठकीत आमचा बारा मिनिटांचा ध्वनिकार्यक्रम ऐकून झाला आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक ताई एवढंच म्हणाल्या. बाकीच्या जणी खूश होत्या. आपल्याच गावातल्या बायकांचे आवाज रेडिओसारखे ऐकू येतात याचंच त्यांना अप्रूप होतं. मीही खूश होते. आदल्या आठवड्यात शहरातल्या एका स्टुडिओत बसून मी तो कार्यक्रम ऐकला होता आणि तिथल्या तंत्रज्ञाला "छान झालंय" असं सांगून आले होते. त्यामुळे ताईंचं म्हणणं मला आधी कळलंच नाही. लाजून म्हणत असतील, असं वाटलं.

रात्री घरी मूळ ध्वनिमुद्रण आणि तयार कार्यक्रम एकापाठोपाठ एक लावून ऐकले. माझा प्रश्न होता, "हक्कसोडपत्रावर सही तुम्ही स्वतःच्या मर्जीने केली का?" मूळ ध्वनिमुद्रणात या प्रश्नानंतर सात सेकंद ताई काहीच बोलत नाहीत. बांगड्यांचा बारीकसा आवाज येतो. बाहेर एक डंपर मागे घेत असल्याचं बीप-बीप ऐकू येतं. मग त्या म्हणतात, "हो. खुशीनंच दिली." तयार कार्यक्रमात माझा प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर येतं, "हो. खुशीनंच दिली." आणि खाली हळूच बासरी सुरू होते.

शब्द तेच होते. त्यातला एकही कुणी बदलला नव्हता. पण पहिलं ऐकणाऱ्या बाईला कळतं की या 'खुशी'च्या आत बरंच काही आहे. दुसरं ऐकणाऱ्या भावाला मात्र सांगता येईल, "बघा, बहिणी आनंदाने देतात."

मैत्रिणींनो, हा लेख त्या सात सेकंदांबद्दल आहे. (ताईंना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तसंही आमच्या भागात हक्कसोड करून दिलेल्या बायका इतक्या आहेत, की प्रत्येकीला वाटेल हे आपल्याबद्दलच आहे.)

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. जांबे हे मुळशी तालुक्यातलं गाव. हिंजवडीचं आयटी पार्क, मारुंजी, नेरे हा सगळा शेजारचा टापू. पिंपरी-चिंचवड महापालिकेत गावं घेण्याच्या प्रस्तावांमध्ये जांब्याचंही नाव येत राहिलं आहे. जमीन एकरावर न मोजता गुंठ्यावर मोजली जाऊ लागली, तशी बहिणींच्या सह्यांना किंमत आली. कारण कायदा बदलला होता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, पण ती आधीच लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती. २००५ साली केंद्राने हिंदू वारसा कायद्यातच दुरुस्ती केली आणि विवाहित-अविवाहित हा भेद गेला. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. कायद्याने एवढं दिलं आणि गावागावांत ते एका सहीने परत घेतलं जातं. त्या सहीच्या कागदाचं नाव हक्कसोडपत्र.

आमच्या गटातल्या बऱ्याच जणी या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना आहेत. त्या ताईच म्हणाल्या होत्या, "माझ्या नणंदांनी हितं सोडलं, मी माहेरी सोडलं. मग मी कुणावर रागवू?" असं बोलणं पत्रकात छापून कळत नाही. शिवाय पत्रक वाचायला वेळ कुणाला आहे? फोन मात्र घरोघरी आहे आणि भाकऱ्या करताना, भांडी घासताना ऐकता येतं. म्हणून ध्वनिकार्यक्रम करायचं ठरलं. पाच बायका, एक वकील आणि एक भाऊ यांचं बोलणं आम्ही मुद्रित केलं आणि सगळी सामग्री स्टुडिओत देऊन आलो. पुढचं काम 'तांत्रिक' आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा आम्हाला मुलाखत कशी घ्यावी हे शिकवलं. मध्ये बोलू नका, समोरची गप्प राहिली तर तिला गप्प राहू द्या, त्या गप्पपणाची नोंद करा, हे सगळं शिकवलं. पण मुलाखतीचा आवाज यंत्रात गेल्यावर त्या गप्पपणाचं काय होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पुन्हा स्टुडिओत गेले आणि त्या तंत्रज्ञाच्या शेजारी बसून सगळं समजून घेतलं. मुलगा सालस होता. त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, "मॅडम, सात सेकंद काहीच ऐकू आलं नाही तर लोकांना वाटतं फाइल बिघडली. ते पुढे ढकलतात. म्हणून आम्ही मोकळ्या जागा काढूनच टाकतो." म्हणजे त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. रोजच्या सवयीने केलं होतं. आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटली. मुद्दाम केलेल्या गोष्टीशी भांडता येतं, सवय मात्र दिसतच नाही.

मिक्सिंग म्हणजे काय? आमच्या गटात मी हा शब्द उच्चारला तेव्हा एकीने विचारलं होतं, "मिक्सरमधून काढायचं व्हय?" सगळ्या हसलो. पण प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. प्रत्येकाचा आवाज संगणकावर वेगळ्या पट्टीवर ठेवलेला असतो. एका पट्टीवर बाई, दुसरीवर वकील, तिसरीवर निवेदन, चौथीवर संगीत, पाचवीवर गावातले आवाज. या सगळ्या पट्ट्या एकत्र करून एकच आवाज तयार करायचा, हे मिक्सिंग. कुठला आवाज किती मोठा, कुठला मागे, कुठला जाड, कुठला पातळ, हे त्यात ठरतं. काय ठेवायचं, काय कापायचं ते संकलन. छोट्या कामात दोन्ही एकच माणूस करतो. म्हणजे कुणाचं किती ऐकू जाईल हे तो एकटा ठरवतो. आपल्या सभांमध्ये माइक कुणाच्या हातात जातो, कितीदा जातो, यावर आपण वर्षानुवर्षं बोलत आलो. मिक्सिंगमध्ये हेच सभेनंतर, आपण घरी गेल्यावर ठरतं.

पहिली गोष्ट पातळीची. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. आमच्या कार्यक्रमात वकील आणि निवेदक यांचा आवाज बायकांपेक्षा साधारण सहा डेसिबल वर होता. आकडा लहान वाटतो. पण उघड्यावर बोलणारा माणूस निम्म्या अंतरावर येऊन बसला की त्याचा आवाज सहा डेसिबलने वाढतो. म्हणजे दोन हातांवर बसलेले वकील एका हातावर आले आणि बायका होत्या तिथेच राहिल्या. ऐकणारीला वाटणार, जाणते ते वकील आणि बाकीच्या मागे बसून माना डोलावणाऱ्या.

तंत्रज्ञ यावर म्हणाला, "बायकांचा आवाज मुळातच बारीक आलाय. वाढवला तर मागचा गोंगाटही वाढतो." हे खरं होतं आणि ती चूक माझी होती. वकिलांनी आल्या आल्या माइक स्वतःच्या तोंडाशी ओढून घेतला होता. बायका मात्र माइकपासून सरकून बसल्या, पदर तोंडाशी धरून बोलल्या आणि मी त्यांना तसंच बोलू दिलं. त्या संकोचतील म्हणून मी जवळ गेले नाही. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला, म्हणजे श्वासाचा फटका बसणार नाही असा धरला असता, तर निम्मं काम तिथेच झालं असतं. जो आवाज मुळात नीट टिपलेला नाही, तो मिक्सिंगमध्ये नव्याने निर्माण करता येत नाही. टिपताना आवाजाचा काटा मोठ्यात मोठ्या शब्दाला उणे बाराच्या आसपास राहावा. शून्याला टेकून लाल झाला की तो आवाज फाटतो आणि फाटलेला पुन्हा पूर्ण शिवता येत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पोताची. तंत्रज्ञ म्हणाला, "लेडीज आवाज जरा टोचतो, म्हणून वरचं थोडं कापलं." हे वाक्य ऐकून मला आमच्या घरातल्या, ऑफिसातल्या किती वाक्यांची आठवण झाली! 'किंचाळू नकोस', 'हळू बोल', 'किती कर्कश'. आता तेच यंत्राच्या भाषेत. यातलं शास्त्र समजून घेऊ. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांचा, बाईचा दोनशेच्या आसपास. पण शब्द कळतात ते मुख्यतः या मूळ स्वराच्या खूप वर, एक हजार ते चार हजार कंपनांच्या टापूत. आणि 'स', 'श', 'च', 'छ' यांची धार त्याहूनही वर, चार ते आठ हजारांत. जुन्या टेलिफोनवर फक्त तीनशे ते तीन हजार चारशेपर्यंतचा भाग जात असे, म्हणून फोनवर 'स' आणि 'फ' यांत गोंधळ व्हायचा. वरचा भाग सरसकट कापला की आवाज मऊ होतो, पण शब्द बोथट होतात. 'सही' कानाला 'हई' वाटायला लागते. हक्कसोडीवरच्या कार्यक्रमात 'सही' हाच शब्द कळला नाही तर उरलं काय?

टोचणारा आवाज नसतोच असं मी म्हणत नाही. माइक स्वस्त असेल, खोली सिमेंटची आणि रिकामी असेल, तर 'स' खरंच कानात घुसतो. तेव्हा ज्या भागाचा त्रास आहे तेवढाच अरुंद भाग दोन-तीन डेसिबल खाली घ्यावा. तळाचा, शंभर कंपनांच्या खालचा पंख्याचा आणि रस्त्याचा घरघराट कापावा, त्याने बाईच्या आवाजाचं काही बिघडत नाही. घरात चटया, गोधड्या अंथरून, भिंतीला चादर लावून बोललं तर घुमणं कमी होतं. गोधड्यांचा हा उपाय आमच्या बायकांना फार आवडला, कारण तो त्यांच्या हातातला होता.

तिसरी गोष्ट दाबण्याची. कम्प्रेशन नावाची सोय असते. ती मोठा आवाज थोडा खाली घेते, मग एकूण पातळी वाढवली की लहान आवाज वर येतो. आपल्या कामाला ही फार उपयोगाची, कारण आपल्याकडच्या बायका एक वाक्य ठणकावून बोलतात आणि पुढचं पुटपुटतात. पण तीही जपून वापरायची. त्या ताई भावाचं नाव घेताना दर वेळी आवाज खाली आणतात. शब्द कळले पाहिजेत हे खरं, पण आवाज खाली आला हेही कळलं पाहिजे. सगळं एका पातळीत दाबलं की बाईच्या बोलण्यातली भीती, माया, राग सगळं सपाट होतं.

चौथी गोष्ट संगीताची. आमच्या कार्यक्रमात बाई बोलायला लागली की बासरी आणि वकील बोलायला लागले की संगीत बंद. का? वकील माहिती देतात आणि बाई दुःख सांगते, असं आधीच ठरलेलं. खरं तर बाईही माहितीच देत होती. कागद कुणी आणला, कुठे नेलं, कोण सोबत होतं, वाचून दाखवला की नाही, हे ती क्रमाने सांगत होती. बासरीने तिच्या साक्षीची करुण कहाणी केली. शिवाय बासरी आणि पेटी यांचे स्वर माणसाच्या बोलण्याच्या टापूतच येतात आणि शब्दांवर चढतात. संगीत ठेवायचंच असेल तर ते बोलण्यापेक्षा पंधरा-वीस डेसिबल खाली असावं आणि आधी एकदा संगीताशिवाय ऐकावं. संगीताशिवाय बोलणं पोचत असेल तर संगीत कशाला?

पाचवी गोष्ट गोंगाटाची. डंपरचं बीप-बीप तंत्रज्ञाने काढून टाकलं होतं. गोंगाट काढणारी सॉफ्टवेअर आज फार पुढे गेली आहेत. अडखळणं, 'म्हणजे… ते…' आणि मधल्या मोकळ्या जागा ती एका बटणावर आपोआप गाळतात. पण जांब्यात बसून जमिनीबद्दल बोलताना मागे डंपरचा आवाज येतो, तो गोंगाट आहे की पुरावा? मला वाटतं पुरावा आहे. शब्द कळतील इतका तो खाली घ्यावा, पण ठेवावा. दोन बोलण्यांमधली जागा अगदी निर्जीव वाटू नये म्हणून प्रत्येक ठिकाणी कुणीही न बोलता अर्धा-एक मिनिट नुसती खोली मुद्रित करून घ्यावी. हा उपाय त्याच तंत्रज्ञाने मला शिकवला, त्याचे आभार.

आणि एक अगदी साधी गोष्ट. स्टुडिओतल्या दोन महागड्या स्पीकरवर ऐकताना वकील डाव्या बाजूने आणि बायका उजव्या बाजूने येत होत्या. छान वाटत होतं. पण आमच्या बायका कसं ऐकतात? दोघी मिळून एक इअरफोन लावतात, एक कान हिला, एक कान तिला! मग एकीला नुसते प्रश्न आणि दुसरीला नुसती उत्तरं. बोलणारे सगळे आवाज मधोमध ठेवले की हा घोळ होत नाही. म्हणून कार्यक्रम पक्का करण्याआधी तो साध्या फोनवर, एका कानाने आणि मंडळाच्या स्पीकरवरही ऐकून बघायला हवा.

हे सगळं वाचून काही कार्यकर्त्या म्हणतील, आपली कामं काय कमी आहेत? कोर्ट, पोलीस ठाणं, रेशन, समुपदेशन यातून बटणं कधी शिकायची? आशय आपण द्यावा, तंत्र तंत्रज्ञाने सांभाळावं. मीही हेच म्हणत होते. पण आशय आणि तंत्र यांच्यामधली रेघ त्या सात सेकंदांनी माझ्यापुरती पुसून टाकली. आणि आपल्या चळवळीने तरी तंत्र असं परक्यावर कधी सोडलं होतं? ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ पासून स्त्रीमुक्ती संघटनेच्या बायकांनी गावोगाव केलं. एकीचा आवाज पोचला नाही तर साऱ्याजणींचा पोचतो, हे समूहात उभं राहून गाणाऱ्या बायकांना चांगलं ठाऊक असतं. तेही एक प्रकारचं मिक्सिंगच, आणि ते आपलं आपण करत होतो.

आमच्या मुळशी तालुक्याला तर याबाबतीत मोठा वारसा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या आणि पुढे राज्यभरातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या बऱ्याच ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या ऐकायला मिळतात. तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नाहीतर 'लोकगीत' म्हटलं की बाई नाहीशी होते. आमच्या गटातल्या एका आजींनी मला सांगितलं, "जात्याची घरघर असती ना, तिच्यावर गळा चढवायचा. जातं हळू झालं की आपण बी हळू." म्हणजे जात्याच्या आवाजातून आपला आवाज वर कसा काढायचा, हे ही बाई रोज पहाटे करत होती. आजचं गोंगाट गाळणारं सॉफ्टवेअर त्या जात्याला गोंगाट समजून सहज पुसून टाकेल.

आणि बायका यंत्रं चालवतात का, या प्रश्नाचं उत्तर आता शोधायला नको. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची दारं २००६ च्या धोरणाने उघडली. २००८ साली तेलंगणातल्या झहीराबादजवळ (तेव्हाच्या आंध्रात) संघम रेडिओ सुरू झाला, तो गावातल्या दलित स्त्रिया चालवतात. त्याच वर्षी आपल्या साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. या बायकांनी मिक्सरची बटणं हाताळली आणि आकाश काही कोसळलं नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. जांब्यातल्या दोन मुली, एक कॉलेजात जाणारी आणि एक हाउसकीपिंगच्या कामाला जाणारी, ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर शिकल्या. ते २००० सालापासून मोफत मिळतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. काही रविवार गेले. पहिल्या दोन रविवारी काहीतरी पुसलं गेलं म्हणून रडारडही झाली. तेव्हापासून मूळ फाइल वेगळी ठेवायची आणि कामाला प्रत घ्यायची, हा नियम झाला. कार्यक्रम पुन्हा मिश्रित केला. बायकांचे आवाज वकिलांच्या बरोबरीला आणले. बासरी काढली. सात सेकंद परत ठेवले.

मग त्या ताईंना एकट्यांना हेडफोन लावून ऐकवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "आता बरोबर आहे. थांबले होते ना मी." जरा वेळाने म्हणाल्या, "पण हे फोनवर पाठवू नका. दिवाळीला भाऊ येतो. तेवढं राहू द्या."

आधी मी खट्टू झाले. एवढी मेहनत! पण मग वाटलं, हाही निर्णय त्यांनी पूर्ण ऐकून घेतलाय. पहिल्या वेळी आम्ही त्यांची संमती मुद्रण सुरू करण्याआधी घेतली होती. तेव्हा त्यांना काय माहीत, शेवटी काय तयार होणार आहे? संमती तयार झालेलं ऐकवून घ्यायला हवी. आवाज यंत्राने जाड-बारीक करून देऊ का, असंही एकीने सुचवलं. पण पट्टी बदललेला आवाज उलट फिरवून बराचसा मूळ करता येतो आणि ओळखीचं माणूस बोलण्याच्या ढबीवरूनच ओळखतं. शाळेची घंटा, देवळातली आरती यांवरून गावही ओळखू येतं. म्हणून शेजारच्या गटातल्या एका कार्यकर्तीने ताईंचे शब्द स्वतःच्या आवाजात म्हटले आणि हे कार्यक्रमात स्पष्ट सांगितलं. प्रश्नानंतर ती मनात मोजून सात सेकंद थांबली. ताईंनी तेही ऐकलं आणि मग हो म्हणाल्या.

हा कार्यक्रम आम्ही दुसऱ्या एका गावात लावला. सात सेकंदांची जागा आली तेव्हा कुणीही फाइल बिघडली असं म्हणालं नाही. सगळ्या थांबल्या. पुढे बसलेली एक म्हातारी स्पीकरकडे बघून म्हणाली, "बोल की बाय."

त्यानंतर जी चर्चा झाली ती आधीच्या कुठल्याच बैठकीत झाली नव्हती. दोघींनी कागद दाखवायला आणते म्हणून सांगितलं. पुढे काय होईल ते होईल, मी काही मोठा दावा करत नाही.

पण आपल्या संघटनांपुढे काही सूचना ठेवते. काम बाहेर दिलं तरी मिक्सिंगच्या वेळी आपल्यातली एक जण तंत्रज्ञाच्या शेजारी बसलीच पाहिजे. प्रत्येक आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या आणि मूळ ध्वनिमुद्रण संघटनेकडे परत आलं पाहिजे. तयार कार्यक्रम बोलणाऱ्या बाईने ऐकल्याशिवाय आणि हो म्हटल्याशिवाय बाहेर जाऊ नये, आणि तिला नंतर 'नको' म्हणायची मुभा हवी. आणि पुढच्या शिबिरात कायदा, आरोग्य यांच्या सत्रांबरोबर अर्धा दिवस यासाठी ठेवावा. जांब्यातल्या आमच्या दोघी मुली शिकवायला यायला तयार आहेत. प्रवासखर्च आणि दुपारचं जेवण एवढीच त्यांची अट आहे.

तुमच्या गटात असा अनुभव आला असेल, कुणाचे शब्द तसेच राहून अर्थ बदलला असेल, तर जरूर लिहून कळवा.